मांजरीला शिव्या घालणारी आई

आमच्या धारूरच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर आई होती. माझे वडील, आप्पा, बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उरलेल्या रंगात त्यांनी तिला काढली. चुलीपुढं भाकरी थापतेय, टोपल्यात तीन भाकरी, अन् चौथी तोंडात धरून मांजर पळतेय. आईचं तोंड उघडं, कारण ती मांजरीला शिव्या घालतेय. मी लहान असतानाच आई गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. आप्पा रोज सकाळी चहा घेऊन त्या भिंतीसमोर बसायचे.

यंदा भावाच्या नातीच्या बारशाला त्याच्या ओळखीचे एक रिटायर प्राध्यापक आले. जेवून हात धुवायला आत गेले अन् भिंतीपुढं खिळले. झालं! तीन भाकरी म्हणजे बेलाचं पान, चुलीचा धूर म्हणजे शंकराच्या जटा, मांजर म्हणजे माया. अन् उघडं तोंड?

"शिवनाम चाललंय, ताई. साक्षात पार्वती आहे ही."

"सर, 'तुझा मुडदा बसवला' म्हणतेय ती मांजरीला."

ते हसले. अडाण्याची कीव करावी तसं हसले. काय मेलं ते हसू! इतकी पुस्तकं वाचली, पण साधी चूल दिसली नाही या माणसाला.

त्यांनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, अन् सोमवारपासून दारात रांग. भावाला लई कौतुक, त्यानं चपला ठेवायला फळी ठोकली. मांजर म्हणजे माया, म्हणून तिला कुणी शिवेना. आईला मात्र सगळ्याच कुंकू लावायच्या. लावायचं तर कपाळाला लावा ना, बायांनो! पण मागून ढकलाढकली. कुंकू नाकावर, तेल गालावर, वरून नारळाचं पाणी, अन् ते पदरानं पुसणं.

श्रावणात मी माहेरी गेले. प्राध्यापक भिंतीपाशी उभे राहून लोकांना अर्थ सांगत होते. आप्पा गर्दीतून पुढं गेले. आईच्या तोंडाच्या जागी नुसता लाल चिखल. त्यांनी हात फिरवला, हात लाल झाला.

"पार्वती न्हाई बे, बायको हाय ती माझी! तिचं तोंड कुठं गेलं?"

मग एक बाई पुढं झाली. "म्हंजे तुमी महादेव!" म्हणत तिनं आप्पांचे पाय धरले. तिच्यामागं दुसरी. आप्पा पाय मागं घेत घेत भिंतीला जाऊन टेकले.

मांजर तेवढी शाबूत आहे, तोंडात भाकरी धरून. तिला शिव्या घालणारं आता कुणी नाही.