नकाराचं कारण

“कारण दे,” असं म्हणून मॅडम उजवा तळहात पुढे करायच्या. देवळात प्रसादाला करतात तसा, थोडा खोलगट. समोरचा विद्यार्थी गोंधळायचा. प्रोग्रॅम चालत नाही, एवढंच त्याने सांगितलेलं असायचं. त्या हातावर ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नसायचं. मॅडम हात मागे घ्यायच्या नाहीत. “बोल ने,” त्या आपल्या बोर्डीच्या, गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणायच्या. “काय करायला गेलास, कुठे अडलास, आणि का?”

२०१४ साली मी तलासरीजवळच्या एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळेचा सहायक म्हणून लागलो. मॅडम तिथे सी भाषा शिकवायच्या. त्यांचा तास नेहमी जेवणानंतरचा. अच्छाडच्या नाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर खिडकीतून यायची, पंखे संथ फिरायचे, आणि मॅडमचा आवाज त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तरंगत राहायचा. ते तास मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात.

तुम्ही या धंद्यातले नसाल, तर एवढंच सांगतो. प्रोग्रॅम स्वतः फाईल उघडत नाही की लिहीत नाही. तो सिस्टिमला विनंती करतो. विनंती नाकारली गेली, तर नकाराचं कारण एका आकड्यात ठेवलेलं असतं. बहुतेक लोक तो आकडा बघतच नाहीत. ‘एरर’ असं छापतात आणि मोकळे होतात. मॅडमना याचा मनापासून राग होता. “सिस्टिमने कारण सांगितलंय, तुम्ही ते गिळलंत,” त्या म्हणायच्या.

इंग्रजी संदेश त्या मुलांना घरच्या बोलीत सांगायला लावायच्या. “आईला कसं सांगशील?” एकदा एका पाड्यावरून येणारी, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी उभी राहिली. ‘परमिशन डिनाइड’ वाचून म्हणाली, “घर आहे, पण आत येऊ देत नाहीत.” आणि ‘नो सच फाईल’? “घरच नाही तिथं.” मॅडम इतक्या खूश झाल्या, की ती दोन वाक्यं आठ दिवस फळ्यावरून कोणाला पुसू दिली नाहीत.

मी मात्र सहायक असूनही स्वतःला मोठा प्रोग्रॅमर समजत होतो. उधव्याच्या पुढे एक छोटं आरोग्य केंद्र होतं. तिथल्या लसींच्या फ्रिजचं तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवणारं एक यंत्र आम्ही बसवून दिलं. प्रोग्रॅम माझा. अडचण आली की तो पडद्यावर छापायचा, ‘काहीतरी चुकलं’. मॅडमनी तो वाचला आणि तळहात पुढे केला. मी हसून म्हणालो, “चालतंय ना, मॅडम.” त्यांनी हात मिटला.

२०१६च्या उन्हाळ्यात एका दुपारी केंद्रातल्या सिस्टरांचा फोन आला. “सर, तुमचं मशीन सकाळपासून ‘काहीतरी चुकलं’ म्हणतंय. उद्या लसीकरण आहे, बायका पाड्यांवरून लेकरं घेऊन चालत येणार. लसी ठेवू की फेकू?”

 मी मॅडमना सांगितलं. त्या डबा तसाच झाकून उठल्या, आणि आम्ही मिळेल त्या जीपने निघालो.  वाटेत दोन्ही बाजूंना साग उभा होता, पानं झडलेला, उन्हात धुरासारखा दिसणारा.

केंद्रात पोचल्या पोचल्या मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. नोंद लिहिता आली नाही, तर आधी तसं छापायचं, मग कारणाचा आकडा छापायचा. आकडा आला पंचवीस. त्याचा अर्थ ढोबळमानाने असा, की ही आज्ञा या यंत्राला लागू नाही.  “यंत्रच बिघडलंय,” मी म्हणालो. “तापमानाचा भरवसा नाही, सिस्टर. लसी टाकाव्या लागतील.”

सिस्टर फ्रिजच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “लिहिणं फसलं, त्यानंतर आकडा बघायच्या आधी तू मध्ये काय केलंस?”

“काही नाही. फक्त ‘लिहिता आलं नाही’ एवढं छापलं.”

“अरे, छापणं हीसुद्धा विनंतीच ना? तिथे काही अडलं की आधीचं कारण पुसलं जातं. हा पंचवीस दुसऱ्याच कुणाचा आहे. नकार आला की आधी कारण बाजूला ठेव, मग तोंड उघड.”

मी ओळी बदलल्या. आकडा आला अठ्ठावीस. म्हणजे, लिहायला जागा उरलेली नाही.

मॅडमनी फ्रिज उघडून आतला काचेचा थर्मामीटर बघायला सांगितलं. पाच अंश, लसींना हवं तेवढंच. सिस्टर सकाळ-संध्याकाळ हाताने नोंदी लिहायच्या, त्या वहीतही सगळं ठीक होतं. “लसी चांगल्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तापमान मोजलं जातंय. फक्त ते लिहायचं मेमरी कार्ड भरलंय.” सिस्टर बाकावर बसल्या, हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

मग मॅडमनी स्टूल ओढलं आणि सिस्टरांना विचारलं, “यंत्राने तुम्हाला काय सांगावं?”

“मला एवढंच कळू दे, लस वापरू की नको.”

त्या दोघींनी बसून वाक्यं ठरवली, मी ती प्रोग्रॅममध्ये घातली. ‘तापमान ठीक आहे. नोंद लिहिता आली नाही, कारण कार्ड भरलं आहे. लस वापरा.’ आणि दुसरं, ‘तापमान कळत नाही, कारण तार निघाली आहे. आधी थर्मामीटर बघा.’ मी लिहिलेलं इतकं साधं, इतकं कामाचं त्याआधी काही नव्हतं.

परतताना मी बोलणी खायच्या तयारीत होतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, “घाबरलास म्हणून हाताला लागेल ते कारण दिलंस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. त्याची लाज नसते.”

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. स्टाफरूममध्ये मला शांतपणे सांगितलं, “काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं गेलंय, उजव्याचं जातंय. आत दाब वाढलाय, त्याने नस मरते. औषधाने जाणं मंदावेल. गेलेलं परत येणार नाही.” विचारण्यासारखं त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. 

२०१९मध्ये त्या नवसारीला बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी बोर्डीला गेलो होतो. सकाळी त्या मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या. ओहोटीने समुद्र इतका दूर गेला होता, की पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं हे सांगता येईना. शेवटच्या दिवसांत कॉलेजात भिंतीला हात लावत चालणाऱ्या मॅडमनी चपला काढून हातात घेतल्या आणि भरभर चालायला लागल्या.

“मॅडम, सावकाश!”

“इथे आदळायला काही नाही रे,” त्या मागे न बघता म्हणाल्या.

मी सुरूच्या झाडांपाशीच थांबलो. मॅडम त्या राखाडी उजेडात लहान होत गेल्या, आणि त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत एकेक करून पाणी भरू लागलं.