हनोईला न्यायचं कार्ड

आई गेल्याला वर्ष उलटलं आणि मी व्हिएतनामला जायचं ठरवलं. त्यामागे मोठं कारण नव्हतं. अकरा वर्षं मी दिल्लीबाहेर दोन रात्रींपेक्षा जास्त राहिले नव्हते, कारण आईला एकटं ठेवता येत नसे. आता रजा साठलेली होती, आणि मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधले शनिवार-रविवार संपता संपत नव्हते. शनिवारी सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द बोलले की सोमवारी मेट्रोत कुणाला 'जरा हटिए' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं काम पडत नसे. अशाच एका रविवारी मोबाइलवर हनोईच्या थेट विमानाची जाहिरात दिसली. मी एक सीट घेऊन टाकली.

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. सरकारी माणसाला परदेशी जायचं तर आधी परवानगी लागते. अर्जात 'सोबत कोण' असा रकाना होता, तिथे मी 'निरंक' लिहिलं. आमच्या डायरेक्टरसाहेबांनी सही करता करता मान वर केली.

"अकेली जा रही हैं, मॅडम? कोई ग्रुप-व्रुप नहीं?"

"नहीं सर, अकेली."

"बड़ी हिम्मत है आपकी."

हिंमत कसली? सोबत चल म्हणून कुणाला विचारावं, हेच मला सुचलं नव्हतं.

पैसे कसे न्यायचे, यावर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोन दिवस चर्चा झाली. एक म्हणे सगळे डॉलर रोख न्या. दुसरा म्हणे क्रेडिट कार्ड आहे ना, तेच मशीनमध्ये घाला. जो तो आपल्या साडूचा किंवा मेहुण्याचा अनुभव सांगत होता. शेवटी मी सरळ आमच्या बँकेच्या शाखेत गेले.

टेबलामागे एक तिशीतली मुलगी होती. बोलणं स्पष्ट, आणि घाई नाही. तिने कागदावर आकृती काढून मला समजावलं. क्रेडिट कार्डने रोख काढायची नाही, त्याच दिवसापासून व्याज लागतं. परदेशासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड मिळतं, पण व्हिएतनामचं चलन त्यात भरता येत नाही. म्हणजे रुपयाचे डॉलर आणि तिथे डॉलरचे डोंग, असं दोनदा बदलणार. त्यापेक्षा आपल्या खात्याचं डेबिट कार्ड परदेशासाठी सुरू करून घेतलं तर एकदाच बदलेल. मात्र प्रत्येक वेळी काढताना ठरावीक आकार लागतो, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका. आणि मशीनने 'रुपयांत कापू का' विचारलं तर नाही म्हणा, त्यात भाव वाईट मिळतो.

"दोनों कार्ड रखिए, मॅम," ती म्हणाली. "एक अपने पास, एक जो साथ जा रहे हैं उनके पास."

"साथ कोई नहीं है."

"तो एक पर्स में, एक होटल में," ती लगेच म्हणाली, आणि कॉम्प्युटरकडे वळली. मग तिचा चेहरा थोडा आक्रसला. "मॅम, डेबिट कार्ड पर इंटरनॅशनल चालू नहीं हो रहा. जॉइंट अकाउंट है न? सेकंड होल्डर का केवायसी पेंडिंग है. उनको एक बार ब्रांच लाना पड़ेगा."

दुसरी खातेदार म्हणजे आई.

"वो नहीं आ सकतीं," मी म्हणाले.

"तबीयत ठीक नहीं? कोई बात नहीं, हमारा आदमी घर आ जाएगा. बुज़ुर्गों के लिए करते हैं हम."

ती मदतच करत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ऑफिसात मी दिवसाला फायलींवर वीस नोटिंग लिहिते, पण ते वाक्य काही येईना. "रहने दीजिए, मैं फिर आती हूँ," म्हणून मी उठले. घरी पोचल्यावरही कितीतरी वेळ चप्पल न काढता सोफ्यावर बसून राहिले.

बाकी सगळीकडे मी कळवलं होतं. रेशनकार्डावरून नाव काढलं होतं, गॅसवाल्याला सांगितलं होतं, मतदार यादीवाले आले तेव्हा त्यांनाही. बँकेचं मात्र राहिलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

बाबा गेल्यावर आई नागपूरहून माझ्याकडे राहायला आली. तेव्हा तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी माझ्या खात्यात तिचं नाव घातलं. तिला तिच्या नावाचं कार्ड मिळालं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण त्या कार्डाचा तिला भारी अभिमान. महिन्यातून एकदा आम्ही दोघी चालत कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये जायचो. बटणं तीच दाबणार. मी मागे वळून उभं राहायचं, नंबर बघायचा नाही, असा तिचा नियम. तो नंबर मीच ठरवून दिला होता, हे ती विसरायची. पडद्यावर हिंदी की इंग्रजी असं आलं की म्हणायची, "नागपूरचं मशीन मराठी बोलते. तुझ्या दिल्लीचं मुकं आहे." मग हिंदीचं बटण दाबायची. पाचशेची एक नोट काढायची आणि परत येताना त्यातून माझ्यासाठी मोसंबी घ्यायची. पुढे चालणं बंद झालं, तेव्हा ते कार्ड तिच्या उशाच्या डब्यात राहू लागलं. ती गेल्यावर तो डबा मी उघडला नव्हता.

आता उघडला. कार्ड तिथेच होतं, जपमाळेच्या आणि चष्म्याच्या खाली.

मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेऊन मी पुढच्या मंगळवारी अर्धी सुट्टी टाकली. त्याच मुलीसमोर बसले आणि दाखला पुढे सरकवला. तिने वाचलं. तारीख बघून तिने माझ्याकडे पाहिलं, पण इतका उशीर का, असं विचारलं नाही. "सॉरी, मॅम," एवढंच म्हणाली आणि फॉर्म काढला. 'नाव वगळण्याचा अर्ज' असं वर छापलेलं होतं. मी सगळं भरलं. नातं, तारीख, सही. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचं मला आश्चर्य वाटलं.

"उनका कार्ड लाई हैं? काटना पड़ता है, आपके सामने."

तिने खणातून कात्री काढली. मी म्हणाले, मी कापते. तिने कात्री माझ्या हातात दिली. प्लास्टिक जाड होतं आणि कात्री बोथट. पहिल्यांदा कापलं नाही, नुसतं वाकलं. मागे रांगेतला एक माणूस "मॅडम, टाइम लगेगा क्या?" म्हणाला. दुसऱ्या वेळी जोर लावला तेव्हा दोन तुकडे झाले. ते तिने मोजून एका पाकिटात टाकले आणि पाकिटावर शिक्का मारला.

मग तिने पर्यायी मोबाइल नंबर विचारला. आधी तिथे आईचाच नंबर होता, आणि तो कधीच बंद झाला होता. चालू नंबर हवा, अडचण आली तर बँक त्यावर फोन करते, असं ती म्हणाली. मी विचार करू लागले. खालच्या मजल्यावरचे बंगाली काका-काकू मुलीकडे गेलेले. गाझियाबादची मैत्रीण, जिच्यासोबत आम्ही दर वर्षी बुद्धजयंतीला खीर वाटायचो, ती सध्या नातवाच्या मागे. शेवटी मी माझ्या धाकट्या भावाचा नंबर लिहिला. त्याला न विचारता.

भाऊ नागपूरला असतो. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आमचं धड बोलणं नव्हतं. भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर मी त्याला म्हणाले होते, "तू वर्षातून एकदा यायचास." तो म्हणाला होता, "तू बोलवायची कुठे?" दोन्ही खरं होतं. त्यानंतर फक्त सणावारी मोबाइलवर फुलांची चित्रं.

आठवड्याभरात दोन्ही कार्डं तयार झाली. डेबिट कार्ड पर्समध्ये आणि दुसरं, आधी पैसे भरलेलं, बॅगेत असं ठरवलं, आणि विमानात बसल्यावर अदलाबदल करून टाकली. उगाच. हातांना काहीतरी काम हवं होतं.

हनोई मला आवडलं. फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून खाणारी माणसं, स्कूटरींचा पूर. तळ्याकाठी म्हाताऱ्या बायका व्यायाम करत होत्या, त्यांच्या मागे मीही जरा हात हलवले. दुसऱ्या दिवशी दुपारी सोबतची रोख संपली म्हणून एका एटीएममध्ये गेले. कार्ड घातलं, आकडा दाबला. पडद्यावर इतकी शून्यं आली की मी बोटाने मोजू लागले. शेवटून तिसरं मोजत होते तेवढ्यात पडदा बदलला, काहीतरी लाल अक्षरांत आलं, आणि मशीनने कार्ड गिळलं.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मी मशीनला मराठीत म्हणाले, "अगं, दे ना." मग माझंच मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून मी पुसलेही नाहीत.

कार्डामागच्या नंबराचा फोटो काढून ठेवला होता, तो लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक पोरगा आला. कार्ड बंद करतो म्हणाला, पण आधी ओळख पटवायची.

"मॅडम, माताजी का नाम बताइए."

मी नाव सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. काचेबाहेरून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. वर्षभरात ते नाव मी तोंडाने उच्चारलं नव्हतं. माझ्यासाठी ती नुसती आईच होती. "स्पेलिंग, मॅडम?" तेही सांगितलं. "थँक यू, वेरिफाय हो गया," तो म्हणाला, आणि फोन कटला.

पुन्हा लागेना. मी हॉटेलच्या दिशेने चालू लागले. दहा मिनिटांत फोन वाजला. भाऊ होता.

"ताई! कुठे आहेस तू? बँकेतून फोन आला मले. तुझा फोन कट झाला म्हणे, कार्ड बंद केलं म्हणे. व्हिएतनाम म्हणे! मी म्हटलं फ्रॉड आहे, शिव्या देणार होतो त्याले."

"फ्रॉड नाही. मी हनोईत आहे."

"हनोई?"

"फिरायला आले."

"कोणासोबत?"

"एकटीच."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मला वाटलं हाही कटला.

"सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"हो. नाही सांगितलं."

"पैसे आहेत का जवळ? मी पाठवू?"

"दुसरं कार्ड आहे हॉटेलात. तू इथे कसे पाठवशील, वेड्या?"

"तेही खरं," तो म्हणाला. जेवलीस का, त्याने विचारलं. भात मिळतो, मी सांगितलं. ठेवतो मग, म्हणाला, आणि ठेवला.

हॉटेलात बॅगेतलं डेबिट कार्ड घेतलं, दुसऱ्या बँकेचं मशीन शोधलं. या वेळी शून्यं आधीच कागदावर लिहून नेली होती. रुपयांत कापू का, असं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. पैसे आले, कार्डही आलं. उरलेले चार दिवस काही अडचण आली नाही. एका दिवशी नदीवरच्या होडीत बसले. होडी दोन माणसांसाठी होती, आणि वल्हवणारी बाई पायांनी वल्हवत होती. माझ्या शेजारच्या रिकाम्या फळीकडे बोट दाखवून तिने तिच्या भाषेत काही विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने तिथे तिची टोपी ठेवली.

परत आले तेव्हा दिल्लीत धुरकट सकाळ होती. घराचं कुलूप उघडलं, पंख्याखाली बॅग ठेवली, आणि पोचल्याचा निरोप भावाला पाठवला. इतर कुणाला पाठवायचा नव्हता. त्याने अंगठा पाठवला.

नंतर काही दिवस तो रोज सकाळी काहीतरी पाठवायचा, मग ते कमी झालं. फेब्रुवारीत त्याचं पानिपतला काम निघालं. कंपनीसाठी चादरींची खरेदी होती. जाताना एक रात्र माझ्याकडे राहिला. मी पाटोडी केली होती. तिखट कमी झालं, तो म्हणाला, आणि तरी तीनदा घेतलं. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "झोपू कुठे?" मी आईच्या खोलीत अंथरूण घातलं. दार लोटून घेण्याआधी त्याने उंबऱ्यातून आईच्या उशाकडे पाहिलं. "डबा तसाच आहे," एवढंच म्हणाला.

"हो."

"राहू दे."

सकाळी त्याला लवकर निघायचं होतं. मी मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला गेले. तो गर्दीत शिरला, पलीकडून हात केला, आणि जिन्यावर दिसेनासा झाला. माझी गाडी उलट दिशेची होती. ऑफिसला पोचले तेव्हा डायरेक्टरसाहेबांच्या दोन फायली टेबलावर येऊन पडल्या होत्या. मी पहिली उघडली.