शेवटच्या बसच्या आधी

मी चंद्रपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. माझी पीएचडी चिप बनवणाऱ्या कारखान्यांतल्या वेळापत्रकावर आहे. तिथे सिलिकॉनच्या बऱ्याच चकत्या भट्टीत एकाच वेळी घालतात. हाताशी आहेत तेवढ्याच घालून भट्टी सुरू करायची, की आणखी येईपर्यंत थांबायचं, या प्रश्नावर मी पाच वर्षं घालवली. असा कारखाना मात्र आतून कधी पाहिला नाही. माझ्या मार्गदर्शक सरांच्या लेखांचे संदर्भ जगभर दिले जातात. माझ्या प्रबंधाची दखल घेतली ती त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी गडचिरोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथलं यंत्र एका वेळी बरेच नमुने तपासायचं, आणि ट्रे भरल्याशिवाय लॅबमधल्या बाई ते लावत नसत. बाकावर लांबच्या सूरजागडच्या बाजूची एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. दोन वाजता तिची शेवटची बस होती. ती रिपोर्ट न घेताच उठून गेली. तिची ही तिसरी खेप होती, असं मावशीला तिनंच सांगितलं होतं.

मी लॅबमधल्या बाईंना विचारलं, ट्रे अर्धाच लावला तर?

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्याडम, अर्धा लावला तं किट वाया जाते. किट संपली का महिनाभर कोणाचंच होत नाई. मले काय त्या लेकराची दया येत नाई?"

हाच तर माझा प्रश्न होता, आणि माझ्या प्रबंधात वाट पाहणारी माणसं नव्हती.

पुढे परवानगी काढून मी दर शनिवारी तिकडे जाऊ लागले. नमुना कधी आला, माणूस कुठल्या गावचं, परतीची बस कितीची, हे आम्ही दोघी लिहून काढायचो. युक्ती बाईंनाच सुचली. जवळच्या गावांतले लोक रिपोर्ट न्यायला दुसऱ्या दिवशी येऊ शकतात. त्यांचे नमुने राखून ठेवायचे आणि सकाळी लांबच्यांच्या नमुन्यांत मिळवून ट्रे लवकर भरायचा. किट वाया जाईना, आणि लांबून आलेली बरीच माणसं रिपोर्ट घेऊन बस गाठू लागली.

यावर मी लेख लिहिला आणि बाईंचं नाव आधी घातलं. "माझं काऊन? मी तं डिप्लोमावाली," त्या म्हणाल्या. मी नाव काढलं नाही.

वर्षभराने सरांचा फोन आला. ते म्हणाले, चिपच्या कारखान्यातही काही चकत्या जास्त वेळ थांबल्या की खराब होतात. परदेशातल्या एका विद्यार्थिनीने त्यासाठी, थांबू शकणाऱ्या चकत्या राखून ठेवण्याची, आमचीच रीत वापरली होती.

तिच्या लेखाची प्रत मी बाईंना नेऊन दिली. त्यांनी शेवटच्या संदर्भांच्या यादीत स्वतःचं नाव बोटाने शोधलं. मग म्हणाल्या, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बसच येत नाही, त्याचं काय करायचं?

मी वही उघडली. नाल्यापलीकडच्या गावांची नावं त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले.