माझ्या स्वयंपाकघरातला ट्राउट

माझा नवरा मासे धरतो आणि सोडून देतो. हे वाक्य लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून ते आधी लिहून टाकलं.

टोरांटोच्या हार्बरवर, काँडोंच्या उंच इमारतींच्या पायाशी, पाणी गोठलं की तो बर्फावर स्टूल टाकून बसतो. बर्फाला भोक पाडतो, त्यात दोरी सोडतो आणि तासन्तास त्या भोकाकडे बघत राहतो. एखाद्या दिवशी हाताएवढा लांब ट्राउट वर येतो. मग नवरा त्याला बारशातल्या बाळासारखा दोन्ही हातांवर आडवा घेतो, फोटो काढून घेतो आणि पुन्हा त्याच भोकात सोडतो. घरी पोचायच्या आत फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला असतो. खाली अंगठ्यांची रांग. कुणीतरी लिहितं, 'काका, हॅट्स ऑफ.' कशासाठी हॅट्स ऑफ? एका मुक्या जिवाच्या ओठातून गळ आरपार काढला म्हणून?

मी वेंगुर्ल्याची. आमच्या घरी मासा हे अन्न होतं, आणि अन्नाशी कुणी खेळत नसे. आम्ही बांगडा खायचो, डोकंसुद्धा चोखून खायचो, आणि काटे मांजराला घालायचो. मासा धरून त्याच्याबरोबर फोटो काढणाऱ्या माणसाला आमच्या बंदरावर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

नवरा पुण्याचा, पक्क्या शाकाहारी घरातला. आमचा प्रेमविवाह. सासूबाईंनी लग्नाला होकार देताना एकच अट घातली होती, घरात मासा शिजणार नाही. मी हो म्हटलं. लग्नानंतर थोड्याच काळात आम्ही कॅनडात आलो. नवऱ्याला विंडसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. सासूबाई तेव्हा पुण्यातच होत्या, म्हणजे ज्यांनी अट घातली त्या सात समुद्रांपलीकडे. शेजारच्या बाईने एकदा ताजे मासे आणून दिले. मी दुपारी दोन तुकड्या तळल्या आणि ओट्याशी उभ्याउभ्या खाल्ल्या. संध्याकाळी नवरा कामावरून आला, दारातच थांबला, आणि काही न बोलता त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. जानेवारी महिना होता. मग कोट आणि टोपी घालून तो सोफ्यावर बसून राहिला, जेवायलासुद्धा उठला नाही. तो ओरडला असता तर मी भांडले असते. कोट घालून बसलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

त्यानंतर माझ्या घरात मासा शिजला नाही. पुढे सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आम्ही विंडसर सोडून टोरांटोत एटोबिकोला आलो, मुलगा मोठा झाला. सासूबाई असेपर्यंत मी नवऱ्याला अहो म्हणत होते. त्या गेल्यावर पुन्हा अरे म्हणायला लागले. तेवढं बदललं. स्वयंपाकघर होतं तसंच राहिलं. दर खेपेला माहेरी गेले की वहिनी न विसरता तिरफळांची पुडी बांधून द्यायची. तिरफळ आमच्याकडे बांगड्याच्या कालवणातच पडतं, वरणात ते कुणी घालत नाही. मी पुडी आणायची, बरणीत भरायची, बरणी बेसमेंटमध्ये ठेवायची. वास उडाला की फेकायची आणि पुढच्या खेपेला नवी आणायची.

मुलगा म्हणायचा, "मॉम, जस्ट ईट इट ॲट अवर प्लेस." त्याच्याकडे सामन मासा लिंबू पिळून ओव्हनमध्ये भाजतात. मला ते आजाऱ्याचं पथ्य वाटतं. शिवाय प्रश्न खाण्याचा नव्हताच. खायला बाहेर पुष्कळ मिळतं, आणि मी खातही होते. मला माझ्या घरात, माझ्या शेगडीवर, माझ्या आईसारखं कालवण करायचं होतं. आयुष्याची सगळी वर्षं ज्या ओट्यासमोर उभी राहिले तो ओटा माझाही आहे, एवढंच मला हवं होतं.

आणि मग हा रिटायर झाला आणि मासे धरायला लागला.

मंडळातले एक मित्र आहेत, मूळ नागपूरचे, आता मार्कहॅमला राहतात. दाताचे डॉक्टर होते. तेही शाकाहारी. त्यांना कुणीतरी बर्फावर नेलं, त्यांनी माझ्या नवऱ्याला नेलं, आणि दोघांना वेडच लागलं. बर्फाला भोक पाडायचं बॅटरीवरचं यंत्र आलं, घडीचा तंबू आला, सामान ओढायची घसरगाडी आली, हातभर लांबीच्या गळाच्या काठ्या आल्या. आता गंमत ऐका. हे दोघे संकष्टीला आणि एकादशीला हार्बरवर जात नाहीत. मासा खायचा नाही, मारायचा नाही, तरी उपासाच्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. घरी आला की नवरा हातमोजे गराजमध्ये ठेवतो, बेसमेंटच्या वॉशरूममध्ये आंघोळ करतो आणि मगच वर स्वयंपाकघरात येतो. सासूबाई असत्या तर त्यांनासुद्धा हे जास्त वाटलं असतं.

यंदा थंडी कडक पडली, बर्फ चांगला जाड झाला, आणि एका दुपारी ग्रुपवर आजवरच्या सगळ्यांत मोठ्या ट्राउटचा फोटो आला. पोट असं भरलेलं की मी फोटो मोठा करून बघितला. नवरा आंघोळ करून वर आल्यावर मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी एक घरी आण. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेजाऱ्याचं मूल पळवून आणायला सांगत होते. मोठे मासे म्हाताऱ्या माद्या असतात, त्याच अंडी घालतात, म्हणून सोडायच्या असतात, वगैरे समजावून झालं. हार्बरच्या मोठ्या माशांच्या अंगात रसायनं साठलेली असतात, सरकारच सांगतं की बेतानेच खा, हेही झालं. मी म्हटलं, मी रोज मागत नाही, जन्मात एकदा मागतेय. तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं.

"पण घरात वास किती मारेल," तो म्हणाला.

दिवसभर माशाला मांडीवर घेऊन बसणारा माणूस मला वास सांगत होता. माझा हात कणकेत होता म्हणून बरं. मी म्हटलं, रविवारी मी पण येणार. इथे पासष्टीनंतर मासे धरायला वेगळं लायसन्स लागत नाही, वयाचा पुरावा खिशात असला की झालं. वय माझ्याकडे भरपूर होतं.

रविवारी आम्ही तिघे बर्फावर गेलो. मागे काँडोंच्या काचा, डोक्यावरून बेटावरच्या विमानतळाची लहान विमानं घरघरत जात होती. डॉक्टर फार प्रेमाने वागले. वहिनी, इथे पाय ठेवा, वहिनी, हीटरजवळ बसा, असं त्यांचं चाललं होतं. त्यांना वाटलं, वहिनी पिकनिकला आल्या आहेत. नवऱ्याने माझ्यासाठी वेगळं भोक पाडलं आणि गळ कसा हलवायचा ते इंजिनिअरसारखं अर्धा तास समजावलं. मी ऐकून घेतलं. दोरी हातात आल्यावर मला कळलं की ती हलवायची नाही, नुसती जिवंत ठेवायची. माझे मामा होडीच्या काठावर बसून तसंच करायचे.

थर्मासमधला चहा संपला. त्या दोघांना काही लागत नव्हतं आणि ते कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. तेवढ्यात माझी दोरी खाली गेली.

मला वाटलं खांदा निखळतोय. नवरा धावत आला आणि काठी माझ्या हातातून घ्यायला लागला. मी त्याला कोपराने ढकललं. रागात केवढं बळ असतं ते मला त्या दिवशी कळलं. मासा ओढायचा, मी दोरी सैल सोडायची, तो दमला की गुंडाळायची. शेवटी त्याचं तोंड भोकात आलं आणि डॉक्टरांनी हात घालून त्याला बर्फावर घेतलं. करडा, अंगभर फिकट ठिपके, फोटोतल्यापेक्षा मोठा. नवरा मोबाइल काढून म्हणाला, हातमोजे काढ, हात ओले कर, म्हणजे त्याच्या अंगाला इजा होत नाही. फोटो झाला. मग त्याने हात पुढे केले.

"दे इकडे, पटकन सोडू या. मोठे सोडायचे असतात."

मी मासा खाली ठेवला, भोकातला बर्फाचा चुरा काढायच्या मोठ्या डावाचा दांडा उचलला आणि माशाच्या डोक्यात एकच घातला. आमच्याकडे धरलेल्या माशाला तडफडत ठेवत नाहीत. डॉक्टर तोंड फिरवून उभे राहिले. नवऱ्याच्या हातात मोबाइल तसाच होता. तो मासा मी स्वतः घसरगाडीवर घालून गाडीपर्यंत ओढत नेला.

घरी परत येताना गाडीत मला माहीत होतं पुढे काय होणार. तो खिडक्या उघडणार आणि कोट घालून सोफ्यावर बसणार. बसू दे, मी ठरवलं होतं. या वेळी तो कोट घालून गोठला तरी मी कालवण करणार.

तो आंघोळीला गेला. मी मासा सिंकमध्ये धुतला, पोट फाडलं, कल्ले काढले. भाजीची सुरी त्या कण्यापुढे चालेना, तेव्हा गराजमधून त्याची करवत आणली, धुतली आणि तुकड्या पाडल्या. फ्रीजरमधलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद मिक्सरला लावली. आमसुलं घरात होतीच, सारासाठी. बेसमेंटमधून बरणी वर आणली. तिरफळं ठेचली आणि तो वास नाकात गेला तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. स्वतःच्या घरात एक पातेलं शेगडीवर चढवायला बाईला म्हातारं का व्हावं लागतं?

कालवण उकळलं. वास सगळ्या घरात भरला, बेसमेंटमध्येही गेला असणार. नवरा जिना चढून वर आला. मी खिडकीच्या कडीकडेच बघत होते. तो खिडकीपाशी गेला नाही. खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

"मला पण वाढ थोडं," तो म्हणाला.

मी वाढलं. भात, त्यावर कालवण, एक तुकडी. तो शांतपणे जेवायला लागला. मला वाटलं होतं, पहिल्या घासाला तोंड वाकडं करेल, निदान काट्याला अडखळेल. पण त्याने अंगठ्याने कण्यावरचं मांस अलगद सोडवलं, बारीक काटे जिभेने पुढे आणून ताटाच्या कडेला ओळीत लावले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसारखं. अशी सफाई एका दिवसात येत नाही.

मी विचारलं, हे कुठे शिकलास?

"अगं, विंडसरला. कँटीनमध्ये दर फ्रायडेला अख्खे फिश तळायचे ना. सगळेच खायचे. मी पण खायचो."

हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. विंडसरला. ज्या घरात मी ओट्याशी उभ्याउभ्या दोन तुकड्या खाल्ल्या, ते विंडसर. ज्या सोफ्यावर तो कोट घालून बसला, ते विंडसर. शुक्रवारी तो कँटीनमध्ये मासे खाऊन, हात धुऊन, माझ्या घरी वरणभात जेवायला येत होता. मी म्हटलं, मग त्या दिवशी खिडक्या का उघडल्यास? त्याने जरा आठवून बघितलं. त्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. मला आजही त्या थंडीत माझी बोटं कशी बधिर झाली होती ते आठवतं, आणि हा माणूस भात कालवत होता.

त्याने ताट पुसून खाल्लं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"मस्त झालंय गं. आधी का नाही केलंस कधी?"

मी ताटाची दुसरी कड धरली. त्याला वाटलं वाढायला धरली, म्हणून तो घट्ट धरूनच बसला होता. पातेल्यात अजून पुष्कळ होतं.

"ताट सोड," मी म्हटलं.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सोडलं. मी ते सिंकमध्ये ठेवलं, माझं ताट घेतलं, पातेल्याच्या तळाशी ठेवलेलं डोकं त्यात वाढून घेतलं आणि त्याच्या समोर बसून ते शेवटपर्यंत चोखून खाल्लं. खिडक्या सगळ्या बंद होत्या.