साडभाऊंच्या निंबावरचा शिक्रा

माझ्या साडभाऊंचा चेहरा समोरून धड पाहिलेली माणसं काटोल तालुक्यात फार थोडी असतील; बहुतेकांना त्यांची हनुवटीच माहीत होती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. काटोलच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. बगीच्याच्या मधोमध घर, आणि घरापुढच्या अंगणात एक भला मोठा कडुनिंब. इतकं सगळं जमिनीवर असताना हा माणूस कायम आभाळाकडे तोंड करून राही. घार दिसली की त्यांचं बोलणं थांबे, शिक्रा दिसला की चालणं थांबे, आणि एखादा परमुलखातला ससाणा डोक्यावरून गेला तर श्वासही थांबत असावा. पाणी सोडलेल्या पाटात ते इतक्यांदा पडले होते की गडीमाणसं आता उचलायलाही धावत नसत. आपलं काम करता करता नुसतं विचारत, "काय होतं गा मालक, घार का शिक्रा?" आणि साडभाऊही चिखलात बसल्या बसल्या खरं काय ते सांगत.

या वर पाहण्याने त्यांचं नुकसानच होई असं मात्र नाही. एकदा संत्र्याचा बहार विकत घ्यायला नागपूरचा एक व्यापारी आला. त्याने भाव सांगितला आणि नेमकी त्याच वेळी विहिरीवर एक कापशी घार येऊन हवेत एका जागी पंख फडफडवत थांबली. साडभाऊ वर पाहत गप्प. व्यापाऱ्याला वाटलं भाव पटला नाही, म्हणून त्याने थोडा वाढवला. कापशी हलेना, साडभाऊ बोलेनात. तो बिचारा वाढवत गेला. शेवटी कापशीने खाली उंदरावर झडप घातली, साडभाऊंनी समाधानाने मान हलवली, आणि व्यापाऱ्याने घाम पुसत विसार पुढे केला. तेव्हापासून संत्रा बाजारात त्यांचं नाव पक्का बेरकी बागाईतदार म्हणून झालं. बहार कोणत्या भावाने गेला हे त्यांना स्वतःला संध्याकाळी बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्याकडच्या नात्याने माझ्या आकडसासूची, गोष्ट वेगळी. तिने कोंबड्या पाळल्या होत्या. ज्या घरात शिक्र्याची आरती ओवाळायची तेवढी बाकी आहे, त्या घरात कोंबड्या पाळणं हे धाडसच होतं. चार-आठ दिवसांत एखादं पिल्लू शिक्रा उचलून नेई. ती काठी घेऊन अंगणात धावे आणि साडभाऊ दुर्बीण घेऊन. तिला पिल्लू परत हवं असे. यांना ते कोणत्या फांदीवर नेलं एवढंच पाहायचं असे. ते दिवस सरकारी लेव्हीचे होते, शेतकऱ्याच्या धान्यातला वाटा सरकार घेऊन जाई. साडभाऊ म्हणत, "सरकार लेव्ही घेते, तसा तो घेते. त्याचा हक्कच हाय तो." त्यावर आकडसासू म्हणे, "सरकार निदान पावती त देते."

दुर्बीण त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणली होती. लष्करातून बाद झालेली, एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने धुकं दाखवणारी. ती गळ्यात अडकवून ते नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी आले की दिवसभर त्यांचा मुक्काम गच्चीवर. एका उन्हाळ्यात समोरच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालत होत्या आणि साडभाऊ दुर्बीण लावून नेमके तिकडेच पाहत होते. समोरचे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज इंजिनाला लाजवणारा. ते तावातावाने आमचा जिना चढून आले. साडभाऊंनी त्यांना काही बोलू न देता दुर्बीण त्यांच्या हातात ठेवली आणि सांगितलं, की तुमच्या पाण्याच्या टाकीमागे घारीने घरटं केलं आहे, आणि तुमच्या घरचाच एखादा मोजा त्यात अंथरला आहे, ओळख पटते का पाहा. मोजा खरोखरच त्यांचा निघाला. गृहस्थ जेवायची वेळ टळली तरी खाली उतरेनात, तेव्हा त्यांच्या मंडळींना येऊन त्यांना घेऊन जावं लागलं.

माणसांनाही ते पाखरांतच बसवत. तलाठी भारद्वाज होता, ऐटीत चालणारा आणि झुडपाबाहेर क्वचित दिसणारा. माझ्या बायकोसकट तिच्या सगळ्या बहिणी मिळून सातभाई, कारण त्या एकाच वेळी बोलत आणि एकीचंही दुसरीला ऐकू जात नसे. मला त्यांनी ढोकरी ठरवलं होतं. ढोकरी म्हणजे डबक्याच्या काठी तासन्‌तास हालचाल न करता उभा असणारा मळकट बगळा. मी सरकारी कचेरीत नोकरीला होतो, तेव्हा फारसं वाईट वाटून घेता येईना.

हे सगळं गमतीचं होतं ते त्यांची मुलगी लग्नाची होईपर्यंत. एकुलती एक, बापासारखीच शांत. पहिलं स्थळ चांगलं चालून आलं होतं. पाहुणे पोहे खात बसले असताना साडभाऊंना मुलाच्या बापाचा इतका उमाळा आला, की त्यांनी त्यांना हाताला धरून गोठ्यामागे नेलं आणि आपला सर्वांत मोठा ठेवा दाखवला: चिंचेच्या ढोलीतलं घुबड, तेही जोडीने. मुलगी पाहायच्या दिवशी भरदिवसा घुबडाचं दर्शन. पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले ते पुन्हा फिरकले नाहीत. आकडसासू त्या दिवशी चुलीपुढे बसून राहिली, आणि मुलगीच तिची समजूत काढत होती.

म्हणून पारशिवनीकडचं स्थळ जमलं आणि वैशाखातला सकाळचा मुहूर्त धरला, तेव्हा आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. नवरदेवाचे वडील हौशी. नागपूरचा लाल कोटवाला बँड त्यांनी साखरपुड्यालाच ठरवून टाकला होता. आणि लग्न पंधरवड्यावर आलं असताना साडभाऊंनी जाहीर केलं की अंगणात बँड वाजणार नाही, भोंगा लागणार नाही, फटाका उडणार नाही. निंबावर शिक्रिणीला पिल्लं झाली होती. "पोरं लहान हायेत. दचकून खाली उड्या टाकतीन," ते म्हणाले. आकडसासूने हात जोडले, रडली. शिक्र्यासाठी बँड बंद म्हटलं तर वेड्याची पोरगी म्हणून हेही स्थळ जाईल, हे ती सांगत होती आणि ते खरंच होतं. साडभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले, पण हो म्हणेनात.

शेवटी तिने आपल्या अकलेने मार्ग काढला. मध्यस्थाकडून पारशिवनीला निरोप धाडला, की घरात पुतणी बाळंतीण आहे, पोर फार नाजूक आहे, आवाजाने घाबरतं, तर बँड रस्त्यावरच थांबवावा. तिला वाटलं मिटलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने विहीणबाई स्वतः उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत बाळंतविडा: झबलं, टोपडं, खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू. ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या की बाळाला पाहते आणि पुढच्या गाडीने निघते.

मी लग्नाच्या तयारीला म्हणून तिथेच होतो. पुतणी कालच सासरी गेली, असं काहीतरी आकडसासू पुटपुटायला लागली. मुलगी दाराची चौकट धरून उभी होती आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. साडभाऊ उठले. गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी विहीणबाईंपुढे धरली.

"इकडं या ईनबाई. बाळंतीण वर हाय," ते म्हणाले. "हिनं खोटं सांगतलं, पण ते माह्यापायी."

विहीणबाई निंबाखाली आल्या. त्यांनी दुर्बिणीची धुकं दाखवणारी बाजू एका डोळ्याला लावली होती, साडभाऊंनी स्वच्छ बाजू पुढे करून दिली. तेवढ्यात नर आला, पंजातला सरडा शेजारच्या फांदीवर मादीला देऊन निघून गेला, आणि ती घरट्यात बसून एकेक तुकडा पिल्लांना भरवू लागली.

"नवरा घरात नाही येत?" विहीणबाईंनी विचारलं.

"आणून देते अन् जाते."

"शहाणा हाय. आमच्याकडं घरातच बसून राह्यतात."

विहीणबाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि आकडसासूकडे वळून विचारलं, "खोटं काहून सांगतलं वं बाई?"

"पोरीचं लग्न मोडन म्हून," आकडसासू म्हणाली, आणि पदर तोंडात धरून खालीच बसली.

विहीणबाई तिच्याशेजारी बसल्या. पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. हे राहू द्या, पुढेमागे लागेलच, असं म्हणाल्या. आमच्या माणसाला मी सांगीन, बँड रस्त्यावर थांबेल, असंही म्हणाल्या. मग मुलीला जवळ बोलावून तिच्या हातचा चहा मागितला.

तर असं ते लग्न झालं. मांडव गोठ्याच्या बाजूला सरकवला होता. बँड बगीच्याच्या फाटकापर्यंत जीव खाऊन वाजला आणि एकदम थांबला. तिथून पुढे सगळं वऱ्हाड, नवरदेव, त्याच्या मागे बगलेत पिपाण्या धरलेले लाल कोटवाले, असे सगळे पाय न वाजवता चालत आले. मंगलाष्टकं भटजींनी कानात सांगितल्यासारखी म्हटली. पंगतीत वाढपी खुणेने विचारत आणि वऱ्हाडी खुणेने नको म्हणत. जिलबीसाठी मात्र कोणी नको म्हटलेलं मी पाहिलं नाही. नवरदेवाचे वडील सुरुवातीला घुश्शात होते, पण जेवणानंतर त्यांनीही दुर्बीण मागून घेतली. एक म्हातारे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "लगन हाय का चोरी हाय, समजूनच नाही राह्यलं." साडभाऊ दिवसभर पाहुण्यांत हिंडत होते, हात जोडत होते, मधूनच निंबाकडे एक नजर टाकत होते. सगळं मनासारखं पार पडत होतं आणि त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर पाठवणीची वेळ आली. आमच्याकडे मुलगी गाडीत बसायला निघाली की बँडवाले सगळा दम लावून वाजवतात. त्या दिवशी काहीच वाजत नव्हतं. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या, तेही पाखराच्या बेताने. मुलगी वडिलांच्या पाया पडली. त्यांचा चेहरा पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, ती हळूच म्हणाली, "बाबा, तो सरडा घेऊन आला, वर पाहा."

साडभाऊंनी वर पाहिलं नाही. ते मुलीकडेच पाहत राहिले आणि एकदम मोठ्याने रडले. असे रडले की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. त्या सगळ्या शांततेत तो एवढा एकच आवाज होता, आणि तो रस्त्यापर्यंत गेला असेल. निंबावरची शिक्रीण घरट्यातून उठली आणि ओरडत अंगणावर फिरू लागली.

आकडसासू पुढे झाली. तिने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे करा आता," ती म्हणाली. "पाखरू उठलं."

साडभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. मुलीची गाडी गेली. शिक्रीण दोन-तीन घिरट्या घालून परत घरट्यात बसली, तरी आकडसासूचा हात काही त्यांच्या पाठीवरून निघाला नाही.

साडभाऊंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नागपुरात कोणाच्या लग्नाला गेलो आणि पाठवणीला बँड सुरू झाला की बायको कानावर हात ठेवते. तो एवढ्या जोरात का वाजवतात ते मला कळतं. बापाची लाज राखायला वाजवतात. साडभाऊंच्या दारात तो वाजला असता तर त्यांचं रडणं त्याखाली दडून गेलं असतं, आणि हा माणूस पाखरांपलीकडे कशाने हलत नाही असंच आम्ही सगळे समजत राहिलो असतो. नव्हता वाजला ते बरं झालं.