पेनड्राइव्हला अभिषेक

आमच्या सुनेला कॉम्प्युटरच्या जागी माशांची टाकी ठेवायची होती. सगळं तिथून सुरू झालं.

आमचं घर वाशीला, जुन्या बिल्डिंगमध्ये. हॉलच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर मुलाचा जुना कॉम्प्युटर. त्याने तो कॉलेजात असताना घेतला. पुढे ऑफिसने लॅपटॉप दिला आणि हा माझ्या वाट्याला आला. घरात कोणाला नको असलेली वस्तू माझ्याकडे येते. बहुतेक मलाही नको असतात, पण ही मला हवी होती. दुपारी भांडी आवरली की मी त्यावर पत्ते खेळते. एकटीचा डाव. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, पण बदाम आणि किल्वर ओळखायला शाळा लागत नाही. मोबाइलवर खेळून पाहिलं. मोतीबिंदू काढूनसुद्धा त्यावरची राणी मला गुलामासारखी दिसते. मोठा पडदा पाहिजे, आणि तो तेवढाच घरात मोठा. टीव्ही सुनेच्या ताब्यात असतो.

सोसायटीतल्या एका मैत्रिणीने सुनेला सांगितलं की ईशान्येच्या कोपऱ्यात मासे ठेवले की घरात बरकत येते. ईशान्य कुठे, तर नेमकी माझ्या टेबलावर.

"मासे मला कढईत बघायची सवय आहे," मी म्हणाले.

"आई, ते शोभेचे असतात. खायचे नाहीत."

"मग तर काहीच उपयोग नाही."

पण कॉम्प्युटरनेच दगा दिला. तो म्हातारा झाला होता. बटण दाबून मी मेथीची जुडी निवडायला बसायचे. जुडी संपायची, पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. त्यात एक दिवस पडद्यावर निरोप आला. मुलाने वाचून सांगितलं, "विंडोजची नवी आवृत्ती या मशीनवर बसणार नाही म्हणतोय."

"बघा," सून म्हणाली, "तो स्वतःच सांगतोय, मला रिटायर करा."

शेवटी असं ठरलं की दसऱ्याला दुपारनंतर टाकीवाला टाकी घेऊन येईल. तोवर कॉम्प्युटर नीट चालायला लागला तर राहील, नाहीतर तो भंगारात आणि मासे टेबलावर.

"चालला तर नक्की राहील?" मी विचारलं.

"शब्द," सून म्हणाली. तिच्यात पन्नास खोडी असतील, पण शब्द फिरवत नाही. मुलाला विचारलं तुझं काय मत, तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा," आणि मोबाइलमध्ये घुसला. हे त्याचं लग्नापासूनचं मत आहे.

मग मी माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. ते खारघरला राहतात. तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी लागतं. कोणाला मधुमेह, कोणाला लिनक्स. भावजींना लिनक्स लागला. कुठल्याही बारशाला गेले तरी पाळण्याकडे न बघता ते कोणाला तरी कोपऱ्यात घेऊन सांगत असतात की विंडोज काढून लिनक्स घाला, फुकट आहे, हलकं आहे, जुनं मशीन घोड्यासारखं पळतं. ऐकणारा जिलबी घेऊन येतो म्हणून निघतो तो परत येत नाही. नात्यात एकाही माणसाने त्यांना आपल्या कॉम्प्युटरला हात लावू दिलेला नव्हता.

मी म्हणाले, "भावजी, आमच्याकडे ते तुमचं लिनक्स घालाल का?"

पलीकडे त्यांनी आधी टीव्ही बंद केला.

"वहिनी," ते म्हणाले, "चेष्टा करताय का?"

"चेष्टा करायला मला वेळ आहे का? मासे येतायत."

खंडेनवमीला ते आले. चहा पिता पिता त्यांनी समजावलं, "वाडा तोच वहिनी, फक्त कारभारी बदलायचा. जुना जाताना सगळं पुसून जाणार. काय काय आहे आत?"

"पत्ते आहेत. आणि याच्या लग्नाचे फोटो."

"मग फोटो आधी काढून ठेवू."

"राहू द्या. त्यात सगळीकडे मी तोंड फुगवून उभी आहे."

मुलाने तरी ते काढून ठेवले. काम मात्र भावजींना दसऱ्यालाच करायचं होतं. मी विचारलं, "लिनक्सवाले मुहूर्त बघतात का?" म्हणाले, "लिनक्सवाले बघत नाहीत, मी बघतो." जाताना त्यांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. नखाएवढा, सगळाच धातूचा, चांदीसारखा चकाकणारा. नवा कारभारी त्याच्यात होता. "जपून ठेवा. माझ्या खिशात राहिला तर ही धुण्यात टाकेल," म्हणाले.

मी जपून ठेवला. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी देवापुढे जाते. स्कूटरची चावी गेली, मुलाची दहावीची मार्कशीट गेली, प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा गेली. पेनड्राइव्हही गेला. देव्हाऱ्यात ठेवला, कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले.

दसऱ्याला सकाळी देवांना पंचामृताचं स्नान असतं, आणि ते मुलगा घालतो. वर्षातून मोजक्या वेळा घालतो, म्हणून घाईत घालतो. आमच्या देव्हाऱ्यात आमच्या गावच्या पद्धतीप्रमाणे मूर्ती कमी आणि टाक जास्त. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले छोटे देव. त्याने डोळे चोळत सगळे उचलून तामणात ठेवले आणि दूध, दही, तूप, मध, साखर ओतून चोळायला लागला. मी हारांची झेंडूची फुलं घेऊन आले तेव्हा तो एक टाक अंगठ्याने घासत होता.

"आई, हा नवा केलास का? चेहरा लागत नाही ह्याचा."

मी वाकून पाहिलं.

"अरे गाढवा, तो देव नाही! तो लिनक्स आहे!"

सून स्वयंपाकघरातून आली. तामणात डोकावली. पुरणाचे हात तोंडावर धरून हसली आणि तोंडाला पुरण लागलं. म्हणाली, "आता तर देवालाच मान्य नाही."

भावजी दारात आले तोवर मी पेनड्राइव्ह धुऊन, पुसून खिडकीत वाळत घातला होता. मध काही निघाला नव्हता. त्याच्या तोंडात एक मुंगी शिरत होती.

"कोणी केलं हे?" भावजींचा चेहरा पाहवत नव्हता.

"तुमच्या पुतण्याने. भक्तिभावाने."

खारघरला जाऊन दुसरा करून आणायचा तर टाकीवाला आधी पोचला असता. भावजींनी औषधाच्या कपाटातलं स्पिरिट आणि कापूस मागितला. कान साफ करायच्या काडीने पेनड्राइव्हचं तोंड पुसलं. मग म्हणाले, "आता गरम हवा पाहिजे. केस वाळवायचं यंत्र आहे का?"

ते सुनेचं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याच ड्रायरने माझेच मासे मारायचे?" ती म्हणाली. पण दसरा होता आणि चुलत सासरे दारी आलेले होते. आणून दिला. "जास्त गरम करू नका, वास येतो त्याला," असंही सांगितलं.

तोवर मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि हार घातला. शस्त्रपूजेला आम्ही विळी, हातोडी, कॉम्प्युटर सगळ्यांना हार घालतो.

"आता जाणाऱ्याला कशाला हार?" सून म्हणाली.

"जाणाऱ्यालाच घालतात," मी म्हणाले.

भावजींनी डोळे मिटून पेनड्राइव्ह खुपसला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मुलगा म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, भंगारवाला ओळखीचा आहे." एवढ्यात पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळायला लागली. भावजींनी टाळी वाजवली ती थेट मुलाच्या पाठीत.

मग ते बसले. नवा कारभारी आत शिरला, जुना गेला. आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या, भावजींनी एका हाताने खाल्ल्या. शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी सवयीने मेथी घेऊन बसले होते. दोन काड्यासुद्धा निवडून झाल्या नाहीत आणि पडद्यावर एक पांढऱ्या पोटाचा पक्षी उभा. भावजींनी हौसेने घातलेला.

"हा कोण?" सून.

"पेंग्विन. लिनक्सची खूण आहे."

"खातो काय हा?"

भावजी खरं बोलणारे. म्हणाले, "मासे."

सुनेने पेंग्विनकडे बघून डोळे वटारले. हसू दाबताना माझी कवळी सरकली.

भावजींनी सगळं मराठीतही करून दिलं होतं. एका ठिकाणी "निलंबित करा" लिहिलं होतं. मी विचारलं, काय गुन्हा केला म्हणून? म्हणाले, तसं नाही, झोपवायचं आहे. पत्ते मिळाले. पाठीवरची नक्षी वेगळी, पण राणी राणीसारखी दिसत होती. मी डाव मांडला आणि बेल वाजली.

टाकीवाला. टाकी डोक्यावर, मासे पिशवीत. सुनेने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मी गुपचूप चौकटची तिर्री उचलून चव्वीवर ठेवली.

"चालतोय," ती म्हणाली. "शब्द दिला होता. दादा, टाकी नको."

तोंड एवढंसं झालं तिचं. मला जिंकून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण भावजींना पाहवलं नाही. म्हणाले, "सूनबाई, थांब." दोनचार ठिकाणी बोट दाबलं, "आता कोणी हात लावू नका," म्हणाले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे. थोड्या वेळाने पत्ते विझले आणि आख्ख्या पडद्यावर निळं पाणी भरलं. पाण्यात लाल, पिवळे मासे.

"ईशान्येलाच आहेत," भावजी म्हणाले.

टाकीवाला पण आत येऊन बघायला लागला. "ताई, ह्यांना खाणं घालायला लागत नाही, पाणी बदलायला लागत नाही," म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याची टाकी वरच्या मजल्यावरच्यांनी घेतली. जाताना आम्ही त्याला सोनं दिलं आणि पोळी बांधून दिली.

सुनेने मैत्रिणीला फोन करून विचारलं, पडद्यावरचे मासे चालतात का. मैत्रीण म्हणाली, हलते असले की झालं.

झालं कसलं. मी पत्ते खेळायला बसले की मासे जातात, हात थांबवला की येतात. आता दुपारी मी माउसला हात लावला की आतून हाक येते, "आई, आत्ताच आलेत ते, लगेच उठवू नका!" डाव मांडून विचार करत बसावं तर पत्त्यांवर मासे. पेंग्विनला मी रोज सांगते, पण त्याने अजून एकही खाल्लेला नाही.