गोधडी परत करायची राहिली होती

मी माझ्या बायकोला रस्त्यावर टाकून पळालो, असं माझ्या सासरची माणसं म्हणत होती, आणि मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. कारण मला काही आठवतच नव्हतं. खोटं बोलायचं तरी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. माझ्याकडे तेही नव्हतं.

भाऊबीज आटोपून आम्ही दोघं मोटारसायकलवरून मुरबाडहून किन्हवलीकडे, घरी निघालो होतो. सासूबाईंनी करंज्यांचा डबा दिला, सुमन मागे बसली आणि म्हणाली, “हळू चालवा हो.” एवढं मला स्वच्छ दिसतं. त्यानंतर एकदम एका कातकरी वाडीतला ओटा. अंगावर गोधडी, समोर पोलीस पाटील, आणि तो विचारतोय, “नाव काय तुमचं?” मध्ये पाच दिवस गेले होते. नाव सांगायलाही मला बराच वेळ लागला. त्या पाच दिवसांत सुमन एका दूधवाल्याला रस्त्याकडेला सापडली, तिचं शवविच्छेदन झालं आणि तिच्या भावाने तिला अग्नी दिला. मला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

मी लहानपणापासून माळकरी. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात घातल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. आणि मी परतलो तो उघड्या गळ्याने. दहाव्याला मेहुण्याने चारचौघांत विचारलं, “दाजी, माझी बहीण टाकलीत ती टाकलीत, माळ पण टाकलीत?” त्याने सुमनच्या वस्तूंचं पोलिसांनी दिलेलं पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि तो निघून गेला. ते पाकीट मी न उघडताच कपाटात टाकलं.

मुलगी वाशिंदला दिलेली. ती मला कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मेंदूच्या फोटोत काहीच निघालं नाही. बाईंनी समजावून सांगितलं, की डोक्याला मार न लागताही असं होतं. सोसण्यापलीकडचं काही समोर आलं की मेंदूतला भीतीचा भाग इतका पेटतो, की आठवणी जपणारा आणि काढून देणारा भाग गप्पच बसतो. आठवण बहुधा पुसलेली नसते, तिच्याकडे जायची वाट बंद होते. म्हणूनच माणूस स्वतःचं नाव विसरतो, पण हाताची कामं विसरत नाही. ते मला पटलं, कारण वाडीत मी गवताचे भारे बांधत होतो म्हणे, अगदी घट्ट. “हे सोंग नाही,” बाई म्हणाल्या, “आणि आठवण ओढून काढायला जाऊ नका.” मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुमचं ठीक आहे हो, पण मी पळालो की नाही, ते कोण सांगणार?

वर्षभर एकटा राहिलो. आळीतली माणसं मला पाहून बोलणं आवरतं घ्यायची. लग्नाचं बोलावणं शेजारच्या दोन्ही घरी जायचं आणि माझं दार वगळायचं. मुलगी रोज फोनवर “जेवलात का?” विचारायची. पण आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे तिने कधी विचारलं नाही. तिने विचारावं असंही वाटायचं आणि विचारेल म्हणून धास्तीही वाटायची. नवी माळ घालायची माझी हिंमत झाली नाही. पांडुरंगाच्या तसबिरीकडे पाठ करून जेवायचो. रागावलो होतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो. एक दिवस ताटावरून उठलो आणि त्याला म्हणालो, “काय लपवून ठेवलंयस ते ठेव तुझ्याकडेच. द्यायचं तर दे, नाहीतर नको देऊस. मी आता मागणार नाही.” आणि खरंच मागणं सोडलं.

दिवाळीची झाडलोट करताना ती गोधडी हाती लागली. वाडीतून मला आणलं तेव्हा अंगावरच राहिली असावी. सुमनला परक्याची साधी वाटीही घरात ठेवलेली चालायची नाही, आणि ती कधी रिकामी परत करायची नाही. मी गोधडी धुतली, तिच्यात पायलीभर तांदूळ बांधले आणि वाडी गाठली.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. मला पाहताच म्हणाली, “आलास होय रे बाबा? बायकोचं दिस घातलंस ना नीट?”

मी गोधडी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, “आजी, ती गेली तेव्हा तुम्ही तिथे होतात?”

“मी नि माझी सून. गवताचं भारं घेऊन येत होतो. गाडी पडलेली, तिचं डोकं तुझ्या मांडीवर. तू पानी मागितलंस, मी बाटली दिली. तुळस हाय का म्हनालास. रानात कुठली रे तुळस? मग गळ्यातली माळ दातानं तोडलीस, एक मनी तिच्या तोंडात घातलास, वर पानी सोडलंस. तिच्या कानात देवाचं नाव घेत होतास. ती गेली, तरी तू काय उठत नव्हतास. दूधवाल्याला आमीच सांगितलं. मग तू आमच्या मागं मागं चालत आलास.”

“मग हे पोलिसांना का नाही सांगितलंत, आजी?”

“इचारलं कुनी? आनि आमच्यावरच आलं असतं सगळं.” तिने गोधडी मांडीवर ओढली. “दिसभर पानी घेतलं नाय तू. गळ्याला हात लावायचास नि मान हलवायचास. मग माझी पोत तुझ्या गळ्यात घातली, तवा प्यालास. पाटील तुला न्यायला आला तवा काढून घेतली.”

तिने आतून एक पत्र्याची डबी आणली. मला नेल्यावर तिने रस्त्याकडेच्या गवतातून वेचून ठेवलेले माझे मणी होते त्यात. “येशील कधीतरी, म्हनून ठेवलं.” मी ओट्यावर बसून पोरासारखा रडलो. तिने पाणी पुढे केलं. मी डबीकडे बोट दाखवून नको म्हटलं, तशी ती हसली. “आत्ता पन तसाच!”

घरी आलो आणि पाकीट उघडलं. मंगळसूत्र, जोडवी, आणि तळाशी तुळशीचा एक मणी. मी तसाच, तहानलेला, मुरबाडला मेहुण्याकडे गेलो आणि सगळं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तो मणी उचलला. “हा तिच्या तोंडात सापडला, असं पोलीस म्हणाले. मला वाटलं, तिचाच असेल कुठला,” एवढंच बोलला आणि खाली बसला. मग देवघरातून दोरा आणून एकेक मणी स्वतः ओवायला लागला. सुमनचा मणी त्याने मधोमध घेतला.

ती वेळ मला आजही आठवत नाही. कदाचित कधीच आठवणार नाही. पण आता मी ती मागत नाही. माझ्याने जे धरवलं नाही, ते पांडुरंगाने एका म्हातारीच्या डबीत जपून ठेवलं. तिचे आणि त्याचे उपकार मी कसे फेडणार? माळ लहान झाली होती, गळ्याला जेमतेम पुरली. मेहुण्याने मागे गाठ मारली, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “दाजी, पाणी प्या आता.”